हिवाळ्यापूर्वीचा जळणाचा साठा : बुलढाणा जिल्ह्याचा विचार

शेतकऱ्याच्या घरी धान्याचा हिशेब असतो, चाऱ्याचा असतो, बियाण्याचाही असतो. कडब्याच्या किती गंजी उरल्या हे घरातील लहान मूलही सांगू शकते. परंतु जळण किती आहे व ते किती दिवस पुरेल, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी समाधानकारक उत्तर मिळत नाही. जळण ही फुकट मिळणारी वस्तू आहे, अशी आपली पूर्वापार समजूत आहे. ती आता खरी राहिलेली नाही. जळण कमी पडले म्हणजे त्याची भरपाई कोठून तरी करावीच लागते, आणि ती बहुधा शेताच्या खतातून किंवा घरातील स्त्रियांच्या श्रमातून होते. ह्या दोन्ही गोष्टींची किंमत वहीत मांडली जात नाही, इतकेच. म्हणून आश्विन सरण्याच्या ह्या सुमारास आपल्या जिल्ह्यात जळण काय निपजते, केव्हा निपजते, हिवाळ्याच्या तोंडावर त्यातील किती शिल्लक राहते आणि ही व्यवस्था सुधारण्यास काय करता येईल, ह्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

जिल्ह्याचे तीन भाग

बुलढाणा जिल्ह्यात दगडी कोळशाची खाण नाही व तेलाची विहीरही नाही. कोळसा, डिझेल व स्वयंपाकाचा गॅस हे सर्व बाहेरून येते. जिल्ह्याचे स्वतःचे इंधन म्हणजे लाकूड, पिकांचा काडीकचरा व शेण एवढेच होय. ह्या तिन्हींचे प्रमाण जिल्ह्यात सर्वत्र सारखे नाही.

उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांच्या माथ्यावर सातपुड्याची रांग आहे. तेथे रान आहे. पण त्यातील अंबाबरवा अभयारण्याचा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडतो व तेथील लाकडास हात लावता येत नाही. मध्ये पूर्णेचे सपाट काळे खोरे आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा मुलूख ह्यात येतो. हा कापसाचा प्रदेश, आणि त्यातील काही गावे खारपाण पट्ट्यात आहेत. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरावरील पठार आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे ‘घाटावरील’ तालुके होत. पठार व खोरे ह्यांच्या मधील डोंगरउतारावर ज्ञानगंगा अभयारण्य आहे.

जुन्या काळी जळणाची स्थिती निराळी होती. १८६० नंतरच्या दशकात रेल्वे वऱ्हाडातून नागपुराकडे गेली, १८७० साली जलंबहून खामगावास फाटा निघाला, आणि कापसाच्या व्यापाराने पडीक व गवताळ राने मोडून नांगराखाली आली. त्या वेळच्या वनखात्याने पूर्णेच्या काठी बाभुळबने राखली होती. औताचे लाकूड, गाडीचे लाकूड व जळण ह्यांची गरज त्यांतून भागत असे. आज शेताच्या धुऱ्यावरील बाभूळही विरळ झाली आहे. धुरे नांगरून निघाले, ट्रॅक्टरास वळण्याच्या आड येणारी झाडे तोडली गेली, आणि मागे राहिली ती नाल्याकाठची वेडी बाभूळ.

पिकांच्या अदलाबदलीचाही जळणावर मोठा परिणाम झाला आहे. घाटावर पूर्वी ज्वारी, कापूस व तूर ही मुख्य पिके होती. ज्वारीपासून गुरांस कडबा मिळे व शेतातील धसकटे चुलीस मिळत. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यांतील बरेच क्षेत्र सोयाबीनने व्यापले. सोयाबीन हे पैशाचे पीक खरे. परंतु ते चुलीस काहीच देत नाही. त्याची पाने उभ्या पिकातच झडतात, मळणी यंत्रातून निघणारे कुटार हलके असते व ते चुलीत घातले तर भडकून क्षणात विझते. घाटावरील ज्या शेतकऱ्याने सर्व शेत सोयाबीनखाली घातले आहे त्याच्या शेतात आज जळण असे निपजत नाही. त्याने आंतरपीक म्हणून तुरीच्या ओळी ठेवल्या असतील तर तेवढ्या तुराट्या त्यास मिळतात. मका होणाऱ्या गावांत दाणे काढून उरलेली कणसे मिळतात व ती उत्तम जळतात. घाटाखाली मात्र पऱ्हाटीमुळे अजून जळणाची विपुलता दिसते. पण त्या विपुलतेतही एक धोका लपलेला आहे. त्याचा विचार पुढे करू.

जळण निपजते केव्हा आणि लागते केव्हा

धान्याप्रमाणे जळणाचाही हंगाम असतो, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. तुरीची कापणी साधारणपणे डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत चालते. पऱ्हाटी उपटली जाते ती जानेवारीपासून पुढे. झाडांची छाटणी उन्हाळ्यात होते. गोवऱ्या थापण्याचे दिवस म्हणजे दिवाळीनंतरपासून मृग लागेपर्यंतचे कोरडे दिवस. म्हणजे जिल्ह्याचे जवळजवळ सर्व जळण पौष ते ज्येष्ठ ह्या सहा महिन्यांत जमा होते. त्यानंतर चार महिने पाऊस असतो. त्या काळात नवीन भर पडत नाही, चुली मात्र रोज पेटतात, आणि उघड्यावरील साठा भिजतो, कुजतो व वाळवीच्या तोंडी जातो.

ह्याचा अर्थ असा की, दिवाळीच्या सुमारास प्रत्येक घरचा साठा वर्षातील सर्वांत खालच्या पातळीवर आलेला असतो. नेमक्या त्याच वेळी खर्च वाढतो. दिवाळीचा फराळ, सोयाबीन सोंगणीस व कापूस वेचणीस आलेल्या माणसांचा स्वयंपाक, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नकार्ये, आंघोळीचे ऊन पाणी, गव्हास रात्री पाणी देणाऱ्यांची शेकोटी ही सर्व एकदमच येतात. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. घाटावरील थंडी खोऱ्यातल्यापेक्षा अधिक बोचते हे सर्वांस ठाऊक आहे. नवी तुराटी येण्यास अजून दोन महिने असतात. हे दोन महिने जळणाच्या टंचाईचे होत. ह्याच दिवसांत गावच्या स्त्रिया पहाटे रानाची वाट धरतात. ज्ञानगंगेच्या रानात अस्वलांचा वावर आहे, आणि थंडीच्या धुक्यात मोळीसाठी जाणे हे जिवावरचे काम आहे. ज्या घराने उन्हाळ्यातच हिशेब केला त्या घरच्या बाईवर ही वेळ येत नाही.

साठा दिवसांत मोजावा

साठा किती मण आहे ह्यापेक्षा तो किती दिवस पुरेल हे पाहणे अधिक उपयोगाचे. मोठमोठी वीजकेंद्रेही आपला कोळसा दिवसांतच मोजतात. २०२१ च्या ऑक्टोबरच्या आरंभी देशातील औष्णिक वीजकेंद्रांतील कोळशाचा सरासरी साठा सुमारे चार दिवसांवर आला होता. खाणींच्या प्रदेशात पाऊस लांबला, विजेची मागणी वाढली आणि परदेशी कोळसा महाग झाला, ही त्याची मुख्य कारणे होती. पावसाळ्यापूर्वी पुरेसा साठा न केल्याने पावसाळ्यानंतर चणचण होते, हा नियम वीजकेंद्रास लागू आहे तसाच आपल्या चुलीसही लागू आहे.

पाच माणसांच्या घराचा एक नमुना घेऊ. जुन्या पद्धतीच्या चुलीवर दोन वेळच्या स्वयंपाकास दररोज सुमारे ५ किलो वाळलेले लाकूड लागते असे धरू. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता असते. परंतु साध्या चुलीत तिच्यातील १०० पैकी १५ भागच भांड्यास लागतात, बाकीची धुराबरोबर व भिंतींवाटे जाते. म्हणजे एका किलोमागे उपयोगी उष्णता सुमारे ६७५ किलोकॅलरी. आता थंडीत पाच माणसांच्या आंघोळीस ७५ लिटर पाणी २४ अंशांनी तापवावयाचे झाल्यास १,८०० किलोकॅलरी लागतील, आणि त्यास सुमारे पावणेतीन किलो लाकूड खर्ची पडेल. म्हणजे स्वयंपाकास लागते त्याच्या निम्म्याहून अधिक लाकूड केवळ पाण्यास लागते. हिवाळ्यात जळण ‘कोठे जाते’ ह्याचे उत्तर येथे आहे.

दोन्ही मिळून दररोज पावणेआठ किलो झाले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या १२० दिवसांचे सुमारे सव्वानऊ क्विंटल. शेकोटी व पाहुणे धरून दहा क्विंटल म्हणावयास हरकत नाही. ज्याच्या घरी आज पाच क्विंटल कोरडे जळण आहे त्याचा साठा ६० दिवसांचा, म्हणजे पौषापर्यंतचा आहे. प्रत्येकाने एकदा आपल्या घरचे एका दिवसाचे जळण तागडीत घालून मोजावे आणि साठ्यास त्याने भागावे. हा हिशेब करण्यास अर्धा तासही लागत नाही.

कापसाच्या एका एकरातून साधारण ८ ते १२ क्विंटल वाळलेली पऱ्हाटी निघते, आणि तिची उष्णता किलोमागे सुमारे ४,००० किलोकॅलरी असते. म्हणजे एका एकराची पऱ्हाटी एका कुटुंबाचा हिवाळा काढू शकते. कागदावर हा हिशेब फार सुखाचा दिसतो. परंतु ती पऱ्हाटी हिवाळ्यापर्यंत ठेवावी काय, हा खरा प्रश्न आहे.

पऱ्हाटीची गंजी व बोंडअळी

गुलाबी अथवा शेंदरी बोंडअळी ही आपल्या देशास जुनी ओळखीची कीड आहे. भडोच येथून पाठविलेल्या नमुन्यांवरून १८४३ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. बीटी कापूस आल्यावर काही वर्षे ती दिसेनाशी झाली होती. पुढे तिने त्या कापसातील विषास दाद देणे सोडले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कापूस उत्पादकांचे जबर नुकसान केले. ह्या किडीची अळी हंगाम संपला म्हणजे मरत नाही. ती न फुटलेल्या बोंडांत, सरकीत व पऱ्हाटीच्या कचऱ्यात निद्रितावस्थेत पडून राहते, आणि पुढील पावसाळ्याच्या सुमारास तिचा पतंग होऊन नव्या पऱ्हाटीवर अंडी घालतो. इजिप्तमध्ये घराच्या धाब्यावर जळणासाठी रचलेल्या पऱ्हाटीतून ही कीड पुढील पिकावर जाते, हे तेथील कीटकशास्त्रज्ञांस फार पूर्वीच आढळले होते. आपल्याकडे धुऱ्यावर व गावाच्या कडेस रचलेल्या गंज्यांची गोष्ट हीच आहे.

म्हणजे जी गंजी घरास चुलीचा आधार वाटते, तीच पुढील वर्षाच्या कापसाचे शत्रू सांभाळून ठेवते. ह्यावर ‘सर्व पऱ्हाटी शेतातच पेटवून द्या’ असे सांगणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी दुसरे जळण नाही तो हे ऐकणार नाही, आणि त्यास दोष देता येणार नाही. शेतात पेटविल्याने वरच्या मातीतील सेंद्रिय अंशही जातो व धुराचा त्रास होतो तो निराळाच. आमच्या मते खरा तोडगा जळणाच्या खर्चाचा क्रम बदलण्यात आहे. सध्या हाती येईल ते जाळण्याची पद्धत आहे. तिच्या ऐवजी पुढील क्रम ठेवावा.

पहिली पऱ्हाटी. डिसेंबर-जानेवारीत कापसाचा हंगाम आटोपावा, फरदड घेऊ नये, आणि पऱ्हाटी उपटल्याबरोबर तिच्यावरील राहिलेली सर्व बोंडे तोडून नष्ट करावीत. जेवढी पऱ्हाटी मृगापूर्वी चुलीत जळेल तेवढीच घरी न्यावी आणि फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत दुसरे जळण न वापरता तीच संपवावी. उरलेली यंत्राने बारीक करून खतास लावावी. दुसरी तुराटी. ती ह्या किडीस आश्रय देत नाही. म्हणून ती छपराखाली ठेवून पावसाळ्यात जाळावी. तिसरे लाकूड. उन्हाळ्यात छाटलेले लाकूड फोडून ठेवावे व त्यास हिवाळ्यापूर्वी हात लावू नये. ह्या क्रमाने वागल्यास दिवाळीस जो साठा उरेल तो सर्वांत घट्ट व सर्वांत कोरडा असेल, आणि पेरणीच्या वेळी गावात पऱ्हाटीची एकही गंजी उभी राहणार नाही.

एकट्या-दुकट्याने असे केल्याने किडीचा बंदोबस्त होणार नाही, हे उघड आहे. पतंगास धुऱ्याची मर्यादा नाही. हे काम सबंध गावाने एका वेळी करावयाचे आहे.

चुलीत जाणारे खत

लाकूड सरले की गोवरी चुलीत जाते. हा प्रश्न आजचा नव्हे. डॉ. व्होल्कर ह्यांनी आपल्या देशाची शेती पाहून १८९३ साली जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात त्यांनी स्पष्ट दाखविले होते की, शेतकरी अज्ञानामुळे शेण जाळीत नाही, त्यास दुसरे जळण मिळत नाही म्हणून तो ते जाळतो. यास्तव जळण व चारा ह्यांसाठी राखीव राने निर्माण करावीत असे त्यांनी सुचविले होते. ह्या गोष्टीस सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. २०११ च्या जनगणनेतही देशाच्या ग्रामीण भागातील १०० घरांपैकी सुमारे ६२ घरांत मुख्य इंधन लाकूड, १२ घरांत पिकांचा काडीकचरा व ११ घरांत गोवऱ्या असेच आढळले. गॅस अवघ्या ११ घरांत होता. त्यानंतर १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली व गॅसची जोडणी गावोगाव गेली, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि टाकी संपल्यावर ती पुन्हा भरून आणण्याइतके पैसे हाती नसले म्हणजे चूल पुन्हा पेटते, हेही आपण पाहतोच.

गोवरी जाळण्याने नेमके किती जाते ह्याचा अंदाज करू. १४.२ किलोच्या एका टाकीतील गॅसपासून भांड्यास सुमारे ९२,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. तेवढे काम साध्या चुलीवर लाकडाने करावयाचे तर सुमारे १३५ किलो लाकूड लागेल. गोवरीची उष्णता किलोमागे सुमारे २,१०० किलोकॅलरी, व तिच्यातील १०० पैकी ११ भागच उपयोगी पडतात. म्हणून गोवऱ्या सुमारे ४०० किलो लागतील. एवढ्या गोवऱ्यांस १,८०० किलोच्या आसपास ओले शेण लागते, आणि त्यात ६ किलोच्या सुमारास नत्र असते. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात नत्र साधारण २१ किलो असते. म्हणजे साडेतीन टाक्यांचे काम गोवऱ्यांनी केले की एका युरियाच्या पोत्याचे नत्र धुराड्यातून गेले. खत म्हणून वापरले असते तरी त्यातील काही नत्र उडून गेलेच असते हे खरे. परंतु शेणाबरोबर जमिनीस जो सेंद्रिय अंश मिळतो तो कोणत्याही पोत्यातून विकत मिळत नाही. मागे उरणाऱ्या राखेत स्फुरद व पालाश राहतात, म्हणून राख उकिरड्यावरच टाकावी, वाटेवर फेकू नये. खारपाण पट्ट्यातील शेतात मात्र ती सरळ पसरू नये. ती जमीन आधीच विम्लधर्मी असते.

ज्यास गोवऱ्या थापण्यावाचून गत्यंतरच नाही त्याने निदान गोमूत्र वाया घालवू नये. जनावराने टाकलेल्या नत्राचा जवळजवळ निम्मा भाग व पालाशाचा बराच मोठा भाग मूत्रात असतो. इंदूर येथे १९२४ ते १९३१ ह्या काळात सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनी खताची जी पद्धत बसविली तिचे रहस्य हेच होते. गोठ्यात माती पसरून ती मूत्राने भिजू द्यावयाची, कापसाच्या व तुरीच्या काड्या गाडीवाटेवर टाकून चाकाखाली चुरडून घ्यावयाच्या, त्या गुरांखाली अंथरावयाच्या, आणि थोडेसेच शेण विरजणासारखे वापरून ढीग लावावयाचा. ह्या कामाची माहिती हॉवर्ड व यशवंत वाड ह्या दोघांनी १९३१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. काही शेण चुलीस गेले तरी शेत उपाशी राहू नये, अशी ह्या पद्धतीत सोय आहे. मृगानंतर उरलेल्या पऱ्हाटीसही ह्याहून चांगली वाट नाही.

गोबर गॅस व हिवाळा

एकाच शेणापासून जळणही मिळावे व खतही राहावे, हे गोबर गॅसने साधते. दोन घनमीटर गॅस देणाऱ्या संयंत्रास दररोज सुमारे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच मोठ्या जनावरांचे शेण लागते, व त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. गॅस निघून गेल्यावर नत्र मळीतच राहते. ज्याच्या दावणीस एवढी जनावरे आहेत त्याने हे संयंत्र बसविण्याचा विचार अवश्य करावा. परंतु बैल विकून ट्रॅक्टर आलेल्या घरी शेणच उरत नाही, हे ध्यानात घेऊनच पैसा खर्चावा.

ज्यांच्याकडे संयंत्र आहे त्यांस हिवाळ्यापूर्वी एक सूचना. शेण कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंस ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. २० अंशांखाली गॅस झपाट्याने कमी होतो. म्हणून थंडीत संयंत्र बिघडले असे समजू नये. शेण कालविण्याचे पाणी सकाळपासून उन्हात ठेवून दुपारी भरण करावे, घुमटावर व भोवताली कुटाराचा किंवा पाचटाचा जाड थर द्यावा, आणि पाणी शेणाच्या समभागाहून अधिक घालू नये. तरीही गॅस थोडा कमीच मिळेल. तेवढ्यापुरता लाकडाचा साठा ठेवावा.

साठवण्याची रीत

ओल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असते. ते पाणी उडविण्यात पुष्कळ उष्णता फुकट जाते आणि धूर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील चुलीच्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. म्हणून कोरडे जळण ही केवळ काटकसरीची बाब नव्हे, ती आरोग्याचीही आहे. ह्याबाबत पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१. लाकूड चैत्र-वैशाखात तोडून लगेच फोडावे. अखंड ओंडका पावसाळ्यापूर्वी वाळत नाही.

२. रास जमिनीस टेकू देऊ नये. खाली दगड अथवा जाड ओंडके मांडून त्यावर रचावी. वाळवी खालूनच येते.

३. वरून पत्रा किंवा ताडपत्री घालावी. बाजू मात्र वाऱ्यास मोकळ्या ठेवाव्यात. सर्व बाजूंनी गुंडाळलेले लाकूड आतून बुरसते.

४. रास घरापासून, गोठ्यापासून व विजेच्या तारांपासून दूर असावी. कडब्याची गंजी व जळणाची रास ह्यांमध्ये चांगले अंतर असावे, म्हणजे एकीस आग लागल्यास दुसरी वाचेल.

५. राशीत साप-विंचू आश्रयास येतात. अंधारात हात घालू नये. दिवसभराचे जळण उजेडी काढून ठेवावे.

६. आधी रचलेले आधी निघेल अशा रीतीने रास करावी. तळाचे जळण वर्षानुवर्षे तळाशीच राहिले तर ते कोणाच्याच कामी येत नाही.

झाडे व गावाचा संघ

वरील सर्व उपाय आहे तो साठा पुरविण्याचे आहेत. उत्पत्ती वाढविल्यावाचून प्रश्न सुटणार नाही. त्यासाठी व्होल्करांचा सल्लाच आज पुन्हा आठवावा लागतो. प्रत्येक शेताच्या धुऱ्यावर बाभूळ, निंब, सुबाभूळ ह्यांपैकी जे जमिनीस मानवेल ते लावावे. बाभळीस वेळ लागतो, पण तिचे लाकूड घट्ट व जळण्यास उत्तम. सुबाभूळ लवकर वाढते व तोडल्यावर पुन्हा फुटते. मात्र शेंगा पिकण्यापूर्वी छाटावी, नाही तर तिचे बी शेतभर पसरते. वेड्या बाभळीचे लाकूड चुलीस चांगले. म्हणून नाल्याकाठची वाढ तोडून आणावी, ह्यात जळण मिळते व नालाही मोकळा होतो.

दुसरे काम सामुदायिक आहे. पऱ्हाटी मोकळी असता जागा फार अडविते व वाहून नेणे परवडत नाही. ती बारीक करून दाबली म्हणजे तिच्या कांड्या अथवा गोळ्या होतात. बाजारात ह्यास पांढरा कोळसा म्हणतात. कापूस तंत्रज्ञान संशोधनासाठी मुंबईस १९२४ पासून चालत आलेल्या केंद्रीय संस्थेने ह्या विषयावर काम केले आहे. यंत्रात बारीक होताना पऱ्हाटीतील अळ्याही मरतात, हा आपल्या दृष्टीने मोठा लाभ. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस येथे औष्णिक वीजकेंद्र आहे, आणि अशा केंद्रांनी कोळशाबरोबर काही हिस्सा शेतातील काडीकचऱ्याच्या गोळ्यांचा जाळावा असे केंद्र सरकारने २०२१ साली ठरविले. त्यामुळे पऱ्हाटीस पुढेमागे गिऱ्हाईक मिळण्याची आशा आहे.

परंतु येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. पऱ्हाटीस किंमत आली म्हणजे आज ज्या मजुराच्या घरी ती फुकट जाते त्याची चूल प्रथम विझेल. भूमिहीनाचे जळण हे पुष्कळ अंशी दुसऱ्याच्या शेतातील पऱ्हाटीवर अवलंबून आहे. म्हणून गावच्या संघाने पऱ्हाटी विकावयाची ठरविल्यास आधी गावातील अशा घरांची मोजदाद करावी, त्यांच्या चार महिन्यांच्या जळणाइतका भाग कांड्यांच्या रूपाने गावात राखावा, व उरलेलाच बाहेर पाठवावा. धान्य विकण्यापूर्वी घरचे वर्षाचे काढून ठेवावे, हा नियम आपल्या वाडवडिलांनी घालून दिलाच आहे. जळणासही तो लागू करावा, एवढेच आमचे म्हणणे.

सोयाबीन घरात आले आहे, कापसाची वेचणी चालू आहे, आणि थंडी दाराशी आहे. ह्या वर्षीचा साठा जो आहे तो आहे. त्यात आता फार भर पडणार नाही. परंतु आज तो मोजता येईल. किती दिवसांचा आहे ते घरात बोलून ठेवता येईल, आंघोळीच्या पाण्यास उन्हाची मदत घेता येईल, आणि गॅसची एक टाकी ऐन थंडीसाठी भरून राखता येईल. पुढील वर्षाच्या साठ्याची सुरुवात मात्र ह्याच हंगामात, पऱ्हाटी उपटली जाईल त्या दिवशी करावयाची आहे. आमच्या सभासद बंधुभगिनींनी आपापल्या गावचा हिशेब करून तो येत्या सभेत मांडावा, म्हणजे कोणत्या गावात किती दिवसांची तूट आहे हे कळेल व यंत्र, रोपे आणि राखीव साठा ह्यांची व्यवस्था मिळून करता येईल.